सिडनहॅमचे प्राध्यापक आंबेडकर : वाणिज्याच्या वर्गापासून नागसेनवनापर्यंत

छत्रपती संभाजीनगरच्या नागसेनवनात जाऊन तिथल्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा, मिलिंद महाविद्यालय कोणी स्थापन केले? उत्तर क्षणात मिळेल. आता दुसरा प्रश्न विचारा : या संस्थापकाने स्वतः महाविद्यालयात पहिल्यांदा कोणता विषय शिकवला? बहुतेक जण 'कायदा' म्हणतील, आणि ते उत्तर चुकीचे ठरेल. डॉ. भीमराव आंबेडकर मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात शिकवू लागले ते जून १९२८ मध्ये. त्याआधी दहा वर्षे ते एका वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे काही वर्षे हिशेबाचे शिक्षण घेणाऱ्या तरुणांना ते व्यापारी कायदा शिकवत होते. त्याच काळात एका नोंदणीकृत सामाजिक संस्थेच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते.

मित्रांनो, आज ओळख करून घ्यायची आहे ती या प्राध्यापकाची आणि मंडळाच्या अध्यक्षाची. राज्यघटनेचे शिल्पकार आपल्या परिचयाचे आहेत. वर्गात फळ्यासमोर उभे राहणारे आणि सभेच्या जमाखर्चात डोके घालणारे आंबेडकर मात्र पुतळ्याच्या उंचीमुळे सहसा दिसत नाहीत. माझे म्हणणे असे की, नागसेनवन समजून घ्यायचे तर आधी या माणसाला भेटले पाहिजे.

सुरुवात १९१७ पासून करू. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षे काढून आणि लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून आंबेडकर त्या वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईला परतले. कोलंबियात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांपैकी एकट्या अर्थशास्त्राचे २९ होते. करारानुसार ते नोकरीसाठी बडोद्याला गेले. तिथे राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहात नाव लपवून राहावे लागले आणि ओळख उघड होताच तिथून हाकलले गेले. काही आठवड्यांत ते पुन्हा मुंबईत, परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांत आले.

इथे एक छोटे प्रकरण येते. चरित्रकार ते दोन ओळींत आटोपतात, पण मला ते फार बोलके वाटते. पोट भरण्यासाठी आंबेडकरांनी एक व्यवसाय सुरू केला. तो होता शेअर आणि रोखे यांच्या गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा. ज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर त्या काळच्या मुंबईत अशी पदवी घेतलेले सल्लागार किती असतील? ग्राहक येऊ लागलेही. पण सल्लागार 'अस्पृश्य' आहे हे कळताच ते यायचे थांबले आणि पेढी बंद पडली. पैशाला जात नसते असे म्हणतात. पैसे गुंतवणाऱ्याला असते, हे अर्थशास्त्राच्या या पदवीधराला कोणत्याही ग्रंथात वाचावे लागले नाही.

आणि याच माणसाला वर्षभरात व्यापारी घराण्यांतील मुलांना अर्थशास्त्र शिकवण्याची जागा मिळाली.

सिडनहॅम कॉलेज ऑफ कॉमर्स अँड इकॉनॉमिक्स १९१३ मध्ये सुरू झाले. आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय अशी त्याची ख्याती आहे. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचे नाव त्याला दिले होते. लंडनमध्ये असताना आंबेडकरांची त्यांच्याशी ओळख झाली होती आणि ती ओळख या नेमणुकीच्या वेळी कामी आली. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची तात्पुरती नेमणूक झाली. वेतन महिना ४५० रुपये. (तारीख ओळखीची वाटली असेल, तर बरोबर आहे : पहिल्या महायुद्धातील शस्त्रसंधी झाली तोच हा दिवस.) प्राध्यापकांचे वय तेव्हा २७ वर्षे.

सुरुवातीला विद्यार्थ्यांनी त्यांना फारसे मनावर घेतले नाही. महार जातीचा हा तरुण आपल्याला काय शिकवणार, असाच भाव होता. मग व्याख्याने सुरू झाली. तयारी इतकी कसून असे की काही दिवसांत वर्गाचा नूर पालटला आणि इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. धनंजय कीरांच्या चरित्रात हे नोंदलेले आहे. त्याच पानांच्या आसपास दुसरीही नोंद आहे : प्राध्यापकांच्या खोलीत पिण्याच्या पाण्याचे जे भांडे होते, त्यातून आंबेडकरांनी पाणी घेण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

ही दोन दृश्ये एकाच इमारतीतली, एकाच काळातली आहेत. वर्गात बाहेरचे विद्यार्थी दाटीवाटीने बसून ऐकत आहेत आणि तास संपवून घसा कोरडा पडलेला प्राध्यापक शिक्षककक्षात जातो तेव्हा पाण्याच्या भांड्यापाशी त्याला अडवले जाते. ज्यांनी हरकत घेतली ते निरक्षर खेडूत नव्हते. वाणिज्य आणि अर्थशास्त्र शिकवणारे, पदव्या घेतलेले लोक होते. शिक्षण वाढले की अस्पृश्यता आपोआप जाईल, ही त्या काळच्या सुधारकांची आवडती आशा होती. तिच्यावर आंबेडकरांनी पुढे कधीच विसंबून का राहू नये, याचे एक कारण या खोलीत शोधता येते.

प्राध्यापक म्हणून ते काय विचार करत होते? याचा उत्तम पुरावा म्हणजे १९१८ मध्येच प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतातील लहान शेतजमिनींविषयीचा निबंध. मराठवाड्यातील वाचकांनी तो अवश्य पाहावा. वारसाहक्काने जमिनीचे तुकडे पडतात, म्हणून शेती तोट्यात जाते, तेव्हा तुकडे जोडा आणि शेते मोठी करा, असा त्या वेळच्या तज्ज्ञांचा सूर होता. आंबेडकरांनी प्रश्नच उलटा केला. शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही. त्या शेतात राबणारे हात, बैल, अवजारे आणि भांडवल यांच्याशी त्या जमिनीचे प्रमाण काय, यावर ते ठरते. ज्याच्याकडे बैलजोडी नाही, त्याला पाच एकरही पेलवत नाहीत. ज्याच्याकडे विहीर आणि साधने आहेत, त्याला तेवढ्यातच घर चालवता येते. मग रोग कुठे आहे? शेतीवर प्रमाणाबाहेर माणसे अवलंबून आहेत, त्यांतील कित्येकांचे श्रम वाया जातात आणि भांडवल साठत नाही. उपाय म्हणून त्यांनी औद्योगिकीकरणाकडे बोट दाखवले : जास्तीचे हात कारखान्यांकडे वळले तर शेतीवरचा भार आपोआप हलका होईल. १९१८ साली हे मांडणाऱ्या माणसाला केवळ 'एका समाजाचे पुढारी' म्हणून कोपऱ्यात बसवणे हा आपल्या वाचनाचा दोष म्हणावा लागेल.

सिडनहॅमचे महाविद्यालय सरकारी होते, त्यामुळे प्राध्यापकांवर सरकारी नोकराची बंधने होती. ती त्यांनी कशी सांभाळली हे पाहणे मजेशीर आहे. जानेवारी १९१९ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त स्वराज्य आणि अस्पृश्य यांविषयी एक पत्र छापून आले. त्याखाली सही होती 'एक महार'. २७ जानेवारी १९१९ रोजी मात्र त्यांनी उघडपणे, स्वतःच्या नावाने, मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. वर्षभराने, ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' पाक्षिक निघाले. शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपये दिले होते. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते, लेखणी बहुतांशी प्राध्यापकांची. पैसे देऊनही 'केसरी'ने या पत्राची जाहिरात छापली नाही, ही गोष्ट आपण अनेकदा ऐकली आहे. ती जाहिरात नाकारली गेली तेव्हा तिच्यामागचा माणूस मुंबईच्या सरकारी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होता, हे सहसा सांगितले जात नाही.

११ मार्च १९२० रोजी त्यांनी नोकरी सोडली. त्यामागे एक साधा हिशेब होता. लंडनचे अर्धवट शिक्षण पुरे करायचे होते आणि त्यासाठी दरमहा ४५० रुपयांतून काटकसरीने शिल्लक टाकली होती. ती पुरेशी नव्हती. शाहू महाराजांनी मदत केली आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपये कर्जाऊ घेतले. नोकरी सोडताच त्याच महिन्यात माणगावची परिषद झाली आणि जुलैमध्ये त्यांनी बोट पकडली.

लंडनचा भाग भराभर ओलांडतो, कारण त्यावर भरपूर लिहिले गेले आहे. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी., दरम्यान बॅरिस्टरीची सनद. एडविन कॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ अखेरीस ग्रंथरूपाने आला आणि त्यात केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाच्या भारतीय चलनाविषयीच्या मतांना आव्हान होते. एक खुलासा मात्र इथेच करतो, कारण दर एप्रिलमध्ये तो संदेश फिरू लागतो. 'रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या पुस्तकातून जन्मली' हे विधान फार सैल आहे. १९२५ मध्ये त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. तिचा भर चलनाचे प्रमाण आणि विनिमय दर यांवर होता. आयोगाने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. त्यांचे श्रेय मोठे आहे. ते वाढवून सांगण्याची गरज नाही.

१९२३ मध्ये परतलेल्या या बॅरिस्टरकडे अशिले फारशी येईनात. कारण पुन्हा तेच, शेअर सल्लागाराच्या वेळचे. तेव्हा जून १९२५ पासून मार्च १९२८ पर्यंत त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवला. हिशेबशास्त्रावरील बाटलीबॉयची पाठ्यपुस्तके पुढे अनेक पिढ्यांनी घोकली, तेच हे बाटलीबॉय. व्यापारी कायदा म्हणजे तेव्हा मुख्यतः १८७२ चा करार कायदा आणि १८८१ चा हुंडी-धनादेशांसारख्या चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा. मालविक्री आणि भागीदारी यांचे स्वतंत्र कायदे अजून झाले नव्हते. ती प्रकरणेही करार कायद्यातच होती. करार कधी वैध ठरतो, भागीदारावर कोणते उत्तरदायित्व येते, दस्तऐवजावरची सही कोणाला बांधते, असे प्रश्न ते संध्याकाळी परळला परतण्याआधी होतकरू हिशेबनिसांना समजावून सांगत असणार.

आता मंडळाकडे वळू. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बैठक झाली आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिची घटना वाचताना वाणिज्य महाविद्यालयातील प्राध्यापक लगेच ओळखू येतो. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांत मेयर निसिम, रुस्तमजी जिनवाला, जी. के. नरीमन, रँग्लर र. पु. परांजपे, डॉ. व्ही. पी. चव्हाण आणि बा. गं. खेर. यांत ज्यू आहेत, पारशी आहेत, सवर्ण हिंदू आहेत. सगळेच शहरातील वजनदार. पण दैनंदिन कारभार ज्या कार्यकारी मंडळाच्या हाती, त्याचे अध्यक्ष आंबेडकर. चिटणीस सी. ना. शिवतरकर आणि खजिनदार नि. तु. जाधव हेही अस्पृश्य मानलेल्या समाजातील. प्रतिष्ठा बाहेरून घ्यायची, पैसा मिळेल तिथून घ्यायचा, निर्णयाची किल्ली मात्र ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्याकडे ठेवायची. तेव्हाही काहींना सवर्णांची नावे खटकली. मला ती रचना चतुर वाटते. त्या काळात दलितोद्धाराच्या बऱ्याच संस्था सवर्ण सुधारक चालवत असत आणि ज्यांचा उद्धार व्हायचा ते लाभार्थींच्या यादीत असत. इथे ही मांडणी उलटली होती.

सभेची उद्दिष्टेही भाषणबाजीची नव्हती : वसतिगृहे काढणे, वाचनालये आणि अभ्यासवर्ग चालवणे, औद्योगिक आणि शेतकी शाळा सुरू करणे, समाजाची गाऱ्हाणी मांडणे. पहिले वसतिगृह ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात उघडले. माध्यमिक शाळेतील मुलांच्या राहण्याजेवणाचा, कपड्यांचा आणि वह्यापुस्तकांचा भार सभेने उचलला. विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवले. मुंबईत मोफत वाचनालय निघाले आणि तरुणांना व्यसने आणि जुगारापासून दूर ठेवण्यासाठी एक महार हॉकी क्लबसुद्धा! रुपयाच्या विनिमय दरावर राजेशाही आयोगापुढे साक्ष देणाऱ्या माणसाच्या मंडळापुढे हॉकीच्या काठ्यांचा खर्चही येत असणार, ही कल्पना मला फार आवडते. नागरी क्लब म्हणून आज ज्या संस्था आपण पाहतो, त्यांचे काम याहून वेगळे काय असते? फरक इतकाच की या क्लबाच्या सभासदांना शहरातील सार्वजनिक नळावरही हक्काने पाणी पिता येत नव्हते.

पाण्याचा विषय निघालाच आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद झाली आणि चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. तेव्हा आंबेडकर बाटलीबॉय यांच्या संस्थेत शिकवत होते. डिसेंबरमध्ये सवर्णांनी दावा लावून मनाईहुकूम मिळवला. त्यांचे म्हणणे, तळे खासगी मालकीचे आहे. म्हणजे अखेरीस प्रश्न मालमत्तेचा, नोंदींचा आणि पुराव्यांचा झाला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. सिडनहॅमच्या शिक्षककक्षातील भांडे आणि महाडचे तळे यांमध्ये थेट धागा जोडणारा दस्तऐवज नाही आणि मीही तो जोडणार नाही. दोन्ही घटना एकाच माणसाच्या आयुष्यात नऊ वर्षांच्या आत घडल्या, एवढी नोंद करून ठेवतो.

१४ जून १९२८ रोजी सभेचे काम आवरून शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था उभी करण्यात आली. चालू संस्था मोडून तिच्या अनुभवावर नेमके एकच काम करणारी नवी काढणे, हे आपल्याकडे विरळाच. पुढे हाच क्रम दिसतो. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, तेही लष्कराच्या रिकाम्या बराकींत. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरत. विद्यार्थ्याच्या दिवसाचा आणि पोटाचा हिशेब आधी, वेळापत्रक नंतर.

आणि मग औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. विद्यापीठ होते ते हैदराबादला, उस्मानिया, आणि तेही उर्दू माध्यमाचे. योगायोग असा की उस्मानियाची स्थापना १९१८ ची, म्हणजे आंबेडकर प्राध्यापक झाले त्याच वर्षीची. बीड-परभणीकडच्या गरीब घरातील मुलाला पदवी घ्यायची तर घरापासून शेकडो किलोमीटर दूर, परक्या माध्यमात, राहण्याजेवणाचा खर्च करून शिकावे लागे. दलित मुलाच्या बाबतीत तर 'खोली कोण देणार' हा प्रश्न फीच्याही आधी येई. बडोद्यात खोलीवाचून हाल सोसलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नव्हता. १९५० मध्ये संस्थेने इथे महाविद्यालय सुरू केले आणि त्याच्या जोडीला वसतिगृह आले. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. १९५३ मध्ये मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य आणि अर्थशास्त्र महाविद्यालय निघाले. ज्या विषयांच्या वर्गातून ते शिक्षक म्हणून प्रथम उभे राहिले, तेच दोन विषय आता त्यांच्या संस्थेच्या पाटीवर आले. नागसेनवनातही नंतर त्यांच्या नावाचे कला आणि वाणिज्य महाविद्यालय उभे राहिले. मराठवाडा विद्यापीठ त्याच परिसराशेजारी २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले, पण ते पाहायला बाबासाहेब नव्हते. त्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. तो संघर्ष स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

औरंगाबादच्या महाविद्यालयाचे नाव 'मिलिंद' का? मिलिंद म्हणजे ग्रीक वंशाचा राजा मिनँडर. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात तो भिक्खू नागसेनाला एकामागून एक अवघड प्रश्न विचारतो. चर्चेला सुरुवात होण्यापूर्वी नागसेन एक अट घालतो : राजा विद्वानासारखा वाद घालणार असेल तर मी बोलेन, राजासारखा घालणार असेल तर नाही. विद्वानाच्या वादात चूक दाखवता येते, मत सुधारता येते आणि कोणी रागावत नाही. राजाच्या वादात असहमत होणाऱ्याला दंड होतो. मिलिंद अट मान्य करतो आणि विद्यार्थ्यासारखा समोर बसतो. आंबेडकरांनी परिसराला नाव दिले उत्तरे देणाऱ्या नागसेनाचे, आणि महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्या मिलिंदाचे.